प्रीहीटिंगचे पैसे घेतले, आणि ट्यूब प्लेट तिसऱ्या दिवशी तडकली

लातूरजवळ आमची सोयाबीन तेलाची छोटी मिल आहे. ऐन हंगामात बॉयलरच्या मागच्या ट्यूब प्लेटला, म्हणजे नळ्यांची टोकं जिच्यात बसवलेली असतात त्या जाड प्लेटला, दोन नळ्यांच्या मधे चीर गेली. प्लेट २२ मिलिमीटर जाड. एका ठेकेदाराने ६८ हजारांत काम घेतलं. त्यात ९ हजार नुसते प्रीहीटिंगचे, म्हणजे वेल्डिंगआधी प्लेट तापवून घेण्याचे, वेगळ्या ओळीत लिहिलेले. ती ओळ वाचूनच मला माणूस जाणकार वाटला.

डिसेंबरची सकाळ, लोखंड गारठलेलं. त्याच्या पोराने गॅसचा टॉर्च पाचेक मिनिटं फिरवला. विचारलं तर म्हणाला, "मालक, हात लावून बघा की, कसं गरम झालंय." मी हात ठेवला, आणि तो आरामात ठेवता आला. तिथंच कळायला हवं होतं. हाताला सोसवतं ते प्रीहीट नव्हे. वेल्डिंग रॉडचं पाकीटही आदल्या दिवसापासून फोडलेलं, ओलसर पोत्यावर पडलेलं.

वेल्ड मात्र देखणा, माशाच्या खवल्यांसारखा. संध्याकाळी पाण्याचा दाब देऊन दाखवला, थेंब गळला नाही. मी सगळे पैसे चुकते केले. तिसऱ्या दिवशी स्टीम धरताना मागून फुसफुस ऐकू आली. लगेच भट्टीतली आग बाहेर ओढली.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका वेल्डर मामांना बोलावलं. त्यांनी लाल डाय लावली, पुसली, वर पांढरा स्प्रे मारला. वेल्डच्या अगदी कडेनं केसाएवढी लाल रेघ उमटली. वेल्ड शाबूत, शेजारची प्लेट तडकलेली. मामा म्हणाले, "गार जाड प्लेट उष्णता गपकन ओढून घेती. मग कडेचं लोखंड कडक आन् ठिसूळ होतं. रॉडमधल्या ओलीचा हायड्रोजन आत अडकतो, दोन दिवसांनीबी चीर पाडतो. त्याच दिवशीच्या टेस्टवर कसा इसवास ठेवायचा?"

वेल्डरच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स मी आता नीट पाहिली. फोटो दुसऱ्याच माणसाचा. "एवढ्याशा कामाला बॉयलर निरीक्षकाची परवानगी लागत नाही," असंही ठेकेदार म्हणाला होता. लागते. मी त्याचं ऐकलं, ती चूक माझी.

परवानगी काढून, प्रमाणित वेल्डर आणून काम पुन्हा केलं. मामा उभे होते. दोन बर्नर तासभर चालले. मग १२० अंशांचा टेम्परेचर खडू वेल्डच्या जागेपासून तीन इंचांवर घासला. तो वितळून ओली चकाकी दिसली, तेव्हाच वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. लो-हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये ३५० अंशांवर भाजलेले, एकेक करून गरमच काढले. काम झाल्यावर प्लेट सिरॅमिक ब्लँकेटने झाकून रात्रभर हळूहळू निवू दिली. डाय टेस्ट ४८ तासांनी.

नऊ दिवस मिल बंद राहिली, आणि दुसऱ्यांदा सव्वा लाख गेले. ठेकेदार फोन उचलत नाही. त्याच्या कोटेशनमधली प्रीहीटिंगची ओळ अजून माझ्याकडे आहे. तुमच्याकडे असं कोटेशन आलं, तर किती अंश, किती वेळ आणि कशानं मोजणार हे त्याच ओळीत लिहून घ्या, आणि डाय टेस्ट होईपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवा.