लिव्हर ट्रान्सप्लांटच्या ओटीतलं क्लॉटिंग मशीन: घ्यावं का?

रक्त कसं गोठतंय याचा आलेख काढणारं मशीन, म्हणजे टेग किंवा रोटेम नावाने ओळखतात त्या जातीतलं, आम्ही लिव्हर ट्रान्सप्लांटच्या ओटीत बरीच वर्षं वापरतोय. नवीन युनिट उभं करणारे भूलतज्ज्ञ सारखे विचारतात घ्यावं का, म्हणून एकदाच लिहून टाकतो. आमचं कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, तक्रारीपण आहेत.

आधी चांगलं. या मशीनचा खरा फायदा रक्त कधी द्यायचं हे कळण्यात नाहीये, कधी *द्यायचं नाही* हे कळण्यात आहे. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो यावरून लॅब काढते तो आकडा, मुळात वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या पेशंटसाठी बसवलेला. सिरोसिसमध्ये गोठवणारे फॅक्टर कमी बनतात हे खरं, पण गोठणं आवरणारे प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन पण लिव्हरच बनवतं, त्यामुळे तेही घसरलेले असतात, वर गोठायला मदत करणारे फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड उलट वाढलेले, आणि आयएनआरला यातली एकच बाजू दिसते. मग आकडा बघून घाबरून कोणीतरी एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) चढवत सुटतं, अंगातला व्हॉल्यूम वाढतो, सीव्हीपी म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरांतलं प्रेशर वाढतं, लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतलं पोर्टल प्रेशर वाढतं आणि सर्जन ओरडतो की आता जास्तच वाहतंय. अशा वेळी स्क्रीनवर नीट आलेख दिसला की हात आवरता येतो.

दुसरं म्हणजे वेळ. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो, तोवर नव्या लिव्हरच्या रक्तवाहिन्यांवरचा क्लॅम्प सुटलेला असतो आणि समोरचा पेशंट पार बदललेला असतो. इथे गुठळी धरायला लागल्यावर पाचव्या मिनिटाचा आकडा मिळतो आणि बहुतेक वेळा तेवढा पुरतो. मला सगळ्यात कामाची वाटते याच मशीनवरची फिबटेम ही टेस्ट, तिच्यात प्लेटलेटचा वाटा दाबून टाकलेला असतो म्हणून गुठळीचं जाळं विणणाऱ्या फायब्रिनोजेनचं काय चाललंय ते वेगळं दिसतं. रिपरफ्युजननंतर, म्हणजे नव्या लिव्हरमध्ये रक्त सोडल्यावर, हेपटेमपण बघाच, त्यात हेपरिन या गोठणं रोखणाऱ्या औषधाचा परिणाम काढून टाकलेला असतो; नव्या लिव्हरबरोबर हेपरिनसारखा परिणाम येतो तो तिथे उघडा पडतो, आणि बऱ्याचदा थोडं थांबलं तर आपोआप ओसरतो.

ही कल्पना नवी अजिबात नाही हं. हार्टर्टने थ्रॉम्बोएलास्टोग्राफी, म्हणजे हीच आलेखाची पद्धत, 1948 मध्येच मांडली, म्हणजे स्टार्झलने 1963 मध्ये माणसावर पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं त्याच्याही आधी. आणि 1985 मध्ये पिट्सबर्गच्या कांग आणि मंडळींनी ट्रान्सप्लांटमध्ये हे वापरून रक्त आणि फ्लुइड साधारण एक तृतीयांश कमी लागल्याचं दाखवलं.

आता तक्रारी. मशीन सँपल 37 डिग्रीला चालवतं, पेशंट 34 ला गार पडून त्याचं रक्त नीट गोठत नसलं तरी आलेख छान येतो. सँपल गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट (हे कॅल्शियम बांधून ठेवतं) घातलेलं असेल तर मशीन स्वतःच कॅल्शियम घालून घेतं, म्हणजे अॅनहेपॅटिक फेजमध्ये (जुनं लिव्हर काढलं, नवं अजून चालू नाही) रक्ताच्या पिशव्यांतल्या सायट्रेटने पेशंटचं आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम खाली आलेलं असलं तरी याला पत्ता नाही, त्यासाठी ब्लड गॅस लागतोच लागतो. अॅस्पिरिनचा परिणाम नेहमीच्या टेस्टमध्ये दिसत नाही, व्हॉन विलेब्रँडचं तर नावच नको. जुन्या पिपेटवाल्या मॉडेलमध्ये कोणाचा हात कसा चालतो यावर आकडा हलायचा आणि ट्रॉलीला धक्का लागला की आलेख वेडावाकडा, कार्ट्रिजवाल्यात ती कटकट बरीच कमी झालीय. आमच्या कंपनीचा सर्व्हिसवाला मात्र फोन उचलेल तर शपथ.

पण माझी मोठी तक्रार मशीनवर नाहीये, आपल्यावर आहे. आकडा मिळतो, पुढे काय? कितीच्या खाली फायब्रिनोजेन द्यायचं, प्लेटलेट कधी, याचा तक्ता प्रत्येक युनिटच्या भिंतीवर वेगळा, बरेचसे कटऑफ हार्ट सर्जरी नि ट्रॉमामधून उसने घेतलेले. फायब्रिनोजेन आधीच भरून ठेवलं तर रक्त कमी लागेल असं वाटायचं, रँडमाइज्ड ट्रायलमध्ये तसं काही दिसलं नाही. फायब्रिनोलिसिस, म्हणजे झालेली गुठळी विरघळणं, दिसला की तो रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक द्यायचं का, की नवं लिव्हर कामाला लागलं की तो थांबेल म्हणून वाट बघायची? चुकून जास्त गोठवलं आणि लिव्हरला रक्त नेणाऱ्या हेपॅटिक आर्टरीत गुठळी झाली तर ग्राफ्टच, म्हणजे बसवलेलं लिव्हरच, जाऊ शकतं, आणि ती कोणाला होणार हे हा आलेख खात्रीने सांगू शकत नाही. भूलशास्त्रात ट्रान्सप्लांटवर संशोधनाला पैसा लावायचा तर माझ्या मते आधी इथे लावा, वेगवेगळे कटऑफ एकमेकांसमोर उभे करा, आणि निकाल म्हणून नुसत्या पिशव्या मोजू नका, किडनीचं काय झालं, आर्टरी उघडी राहिली का, व्हेंटिलेटर कधी सुटला, पेशंट वर्षभराने कसा आहे ते मोजा. एका युनिटचे केस कधीच पुरणार नाहीत, अनेक सेंटरनी मिळूनच करावं लागेल.

तर 5 पैकी 4. ट्रान्सप्लांट करणार असाल तर घ्याच, पण रात्री-अपरात्री चालवणारा माणूस असेल तरच. आणि डेमोला आलेल्या सेल्सवाल्याला एक विचारा, मूळ आलेखाचा डेटा वेळेसकट बाहेर काढता येतो का? आमच्या मशीनमधून फक्त प्रिंटआऊट निघतो, आणि सँपल घेतल्यावर कुठल्या मिनिटाला काय दिलं ते रेसिडेंट अजून पेनाने त्यावर लिहितात.