स्कॅन करून बनवलेली दाढेची कॅप : काही महिने वापरल्यानंतर

रूट कॅनल झालेल्या खालच्या दाढेवरची झिर्कोनियाची (एक पांढरं, कणखर सिरॅमिक) कॅप आता बरेच महिने वापरात आहे. माप तोंडात स्कॅनर फिरवून घेतलं, डिझाइन कॉम्प्युटरवर झालं आणि कॅप मशीनने कोरली. कॅप छान बसली आहे, त्या बाजूने मी सगळं निर्धास्त चावते. मात्र याचं सगळं श्रेय मशीनला द्यायला मी तयार नाही.

माप देणं खरोखर सुसह्य झालंय. दुसऱ्या बाजूच्या जुन्या कॅपच्या वेळी ट्रेमध्ये मसाला भरून माप घेतलं होतं. तो घट्ट होईपर्यंत ओकारी दाबत बसावं लागलं होतं. इथे एक कांडी दातांवरून फिरते, भराभर प्रतिमा टिपते आणि सॉफ्टवेअर त्या जोडत जातं. पडद्यावर माझी दाढ उभी राहिली, तेव्हा डॉक्टरांनी ती फिरवून कडा तपासल्या. एके ठिकाणी कड पुसट आली होती, तेवढाच भाग लगेच पुन्हा स्कॅन केला. मसाल्याच्या मापात एवढी खोट निघाली तर अख्खं माप पुन्हा द्यावं लागतं.

पण स्कॅनरला जे दिसतं तेच त्याला मोजता येतं. कॅपची कड हिरडीपाशी असते आणि तिथे थुंकी किंवा रक्त आलं की चित्र बिघडतं. म्हणून डॉक्टरांनी आधी हिरडीच्या कडेत बारीक दोरा सरकवून ती बाजूला केली, दाढ कोरडी केली. स्कॅनपेक्षा यालाच जास्त वेळ लागला. माझ्या मते कॅप नीट बसली ती इथेच.

हे तंत्र तसं कालपरवाचं नाही. झुरिक विद्यापीठात दंतवैद्य व्हेर्नर म्योरमान आणि अभियंता मार्को ब्रांदेस्तिनी यांच्या ‘सेरेक’ यंत्राने कोरलेलं सिरॅमिकचं भरण पहिल्या रुग्णाच्या दातात बसलं ते 1985 साली. झिर्कोनिया त्यानंतर आला. तो खडूसारखा मऊ असतानाच कोरतात, तोही 20 ते 25 टक्के मोठा. मग सुमारे 1500 अंश सेल्सिअसच्या भट्टीत तो आकसून नेमक्या मापाचा आणि अतिशय कणखर होतो. हे कळल्यावर मला त्या इवल्याशा कॅपबद्दल फारच आदर वाटायला लागला!

एवढं करूनही बसवताना ती किंचित उंच लागत होती. शेवटी तोच जुना निळा कागद चावायला दिला, ठसा उमटला तिथे घासलं. घासल्यावर पॉलिश करून घ्यायला विसरू नका. खडबडीत राहिलेला झिर्कोनिया समोरच्या दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, झिजवतो, गुळगुळीत असेल तर तो त्रास बराच कमी होतो.

आजवर फटीत अन्न अडकलेलं नाही, फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, हलका अडून आत जातो. रंग शेजारच्या दाढेपेक्षा थोडा अपारदर्शक आहे. मागे असल्याने चालतं, पुढच्या दातासाठी मात्र मी दुसरे पर्याय विचारले असते.

काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. रूट कॅनल झालेल्या दाढेत नस नसते, त्यामुळे कॅपखाली कीड लागली तरी ठणका लागून ती कळत नाही. तपासणीला डिजिटल एक्स-रे काढतात. त्याला फिल्मपेक्षा किरणोत्सर्ग कमी लागतो आणि जुनी प्रतिमा शेजारी ठेवून फरक पाहता येतो. पण झिर्कोनियातून क्ष-किरण नीट पार होत नाहीत, त्यामुळे कॅपने झाकलेला भाग त्यात लपतो. म्हणून डॉक्टर अजूनही कडेवरून टोकदार अवजार फिरवून बघतात, आणि ते बघत नसतील तर आपण आठवण करावी. रोजचं फ्लॉसिंग तर चुकवूच नये.

एक काम मात्र सगळ्यांनी जरूर करा. स्कॅनची फाइल मागून घ्या, शक्यतो एसटीएल या त्रिमितीय आकार साठवणाऱ्या स्वरूपात. मी मागितली, लगेच मिळाली. कॅप उद्या तडकली आणि खालची दाढ तशीच शाबूत असली, तर त्याच फाइलवरून नवी कोरून घेता येऊ शकते.