सर्वहित ताळेबंद 5.0 : कोष्टक घ्या, बेरीज बाजूला ठेवा

पैसा साधन आणि माणसाचं भलं हे साध्य, असं सांगणाऱ्या विचारधारा पुष्कळ आहेत. बहुतेक तिथेच थांबतात. ऑस्ट्रियातल्या क्रिस्टियान फेल्बर यांनी काही उद्योजकांना सोबत घेऊन 2010 मध्ये व्हिएन्नातून सुरू केलेली ‘सर्वहित अर्थव्यवस्था’ एक पाऊल पुढे गेली. कंपनीचा नेहमीचा ताळेबंद साधन मोजतो, साध्य मोजतच नाही, हा त्यांचा आक्षेप. म्हणून त्यांनी साध्य मोजणारा दुसरा ताळेबंद, ‘सर्वहित ताळेबंद’, तयार केला. मागणीही नवी नाही, असं ते म्हणतात. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या 1946 च्या राज्यघटनेत कलम 151 आहे. सगळा आर्थिक व्यवहार सर्वांच्या हितासाठी असतो, असं ते सरळ सांगतं. कलम आहे, मोजपट्टी नव्हती.

इथे परीक्षण आहे ते या मोजपट्टीचं, म्हणजे 2017 च्या 5.0 आवृत्तीचं. एक वर्कबुक, गुण काढणारी एक्सेल फाइल आणि शेवटी बाहेरच्यांकडून तपासणी, असा हा संच आहे. वर्कबुक आणि फाइल फुकट मिळतात. खर्च येतो तो तपासणीला, सभासदत्वाला आणि त्याहून जास्त आपल्याच लोकांच्या वेळेला.

रचना सोपी आहे. उभ्या बाजूला कंपनीशी संबंध येणारे पाच गट : पुरवठादार, मालक आणि पैसा पुरवणारे, कर्मचारी, ग्राहक आणि इतर कंपन्या, आणि व्यापक समाज. आडव्या बाजूला चार मूल्यं : मानवी प्रतिष्ठा, एकजूट व न्याय, पर्यावरण, पारदर्शकता व निर्णयातला सहभाग. झाले वीस कप्पे, ए1 पासून ई4 पर्यंत : ए ते ई हे याच क्रमाने पाच गट, 1 ते 4 ही चार मूल्यं. प्रत्येक कप्प्यात आपण 0 ते 10 मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. नुसता कायदा पाळला की शून्य. पहिली पावलं टाकली की 1, प्रगती दिसली की 2–3, अनुभवी कारभार असेल तर 4 ते 6, आणि इतरांनी आदर्श घ्यावा असं काम असेल तर 7 ते 10. फाइल हा आकडा गुणांत बदलते : सरासरी कप्पा 50 गुणांचा, सगळे मिळून 1000.

शून्याची ही जागा नीट समजून घेतली नाही तर पहिल्याच बैठकीत वाद होतो. पगार वेळेवर, पीएफसारखी देणी नियमाप्रमाणे, सुरक्षेचे नियम पाळलेले, तरी शून्य कसं? तर कायद्याचं पालन ही इथे सुरुवातीची रेषा आहे, कर्तबगारी नाही. सगळ्या कप्प्यांत ‘अनुभवी’ ठरलेली कंपनी 400 ते 600 च्या दरम्यान येते, त्यामुळे 1000 पैकी 450 पाहून कोणी नाक मुरडू नये.

रेषेच्या खालीही बरंच काही आहे. पुरवठा साखळीत माणसांची पिळवणूक, कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळात आडकाठी, घातक द्रव्यांची माहिती लपवणं, करचुकवेगिरी अशा नकारात्मक मुद्द्यांना प्रत्येकी 200 पर्यंत गुण कापले जातात. तळ उणे 3600 आहे. वर चढायला हजार आणि घसरायला छत्तीसशे, हे प्रमाण मुद्दाम ठेवलेलं आहे आणि ते योग्य वाटतं. झाडं लावून पिळवणूक झाकता येऊ नये, एवढं तरी त्यातून साधतं.

आता खरी ताकद. ती गुणांत नाही, प्रश्नांत आहे. डी1 घ्या, ग्राहकांशी नैतिक वागणूक. इथे ‘आम्ही ग्राहकाला देव मानतो’ वगैरे लिहून चालत नाही. जाहिरातीवर आणि विक्रीवर किती खर्च केला, विक्री करणाऱ्यांच्या पगारात ठरलेला भाग किती आणि विक्रीवर अवलंबून असलेला किती, कंपनी आतून विक्रीची टार्गेट देते की नाही, हे आकड्यांत आणि हो-नाहीत सांगावं लागतं. माणसाच्या घरखर्चाचा मोठा हिस्सा कमिशनवर ठेवला की तो ग्राहकाच्या गळ्यात नको ते मारणारच. त्याचा स्वभाव तपासण्यापेक्षा पगाराची घडण तपासा, असा हा कप्पा आहे. सी2 तितकाच रोखठोक : सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पगार, मधला पगार, त्या ठिकाणी जगायला लागणारा पगार, ओव्हरटाइमचे तास. सी3 मध्ये कर्मचारी कामाला गाडीने येतात, बस-रेल्वेने, सायकलने की पायी, याचं प्रमाण विचारलं जातं, आणि जेवणातलं सेंद्रिय किती तेही. ई2 मध्ये भरलेल्या करांतून मिळालेली अनुदानं वजा करून समाजाला खरोखर किती दिलं ते काढतात. देणग्यांचे फोटो इथे फारसे कामाला येत नाहीत.

सर्वांत अवघड कप्पा ई1 : मुळात तुमचं उत्पादन कशासाठी? चिलीचे अर्थतज्ज्ञ मॅनफ्रेड मॅक्स-नीफ यांच्या नऊ मूलभूत गरजा इथे वापरल्या आहेत : निर्वाह, संरक्षण, जिव्हाळा, आकलन, सहभाग, विसावा, निर्मिती, ओळख, स्वातंत्र्य. विकलेल्या मालातला किती भाग यांपैकी कोणती गरज भागवतो आणि किती भाग नुसत्या मिरवण्यासाठी आहे, हे लिहायचं. बहुतेक अहवाल इथे पातळ होतात, कारण कोणत्याही वस्तूला ‘ओळख’ किंवा ‘विसावा’ चिकटवता येतो. उपाय एकच : उत्पादनांची यादी विक्रीच्या हिश्शासह मांडा, प्रत्येकासमोर एकच मुख्य गरज लिहा आणि तीच गरज कमी साधनांत भागते का तेही लिहा.

काम अडतं ते पहिल्याच ओळीत, पुरवठादारांपाशी. ए1 ते ए4 साठी लागणारी माहिती तुमच्या ताब्यात नसते. सगळ्या पुरवठादारांना लांबलचक प्रश्नावली पाठवणं ही नेहमीची चूक. निम्म्यांची उत्तरं येत नाहीत, उरलेले सगळीकडे ‘हो’ लिहून पाठवतात. त्याऐवजी वर्षभराची खरेदी रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावा, एकूण रकमेचा बहुतांश भाग व्यापणारे वरचे पुरवठादार वेगळे काढा, आणि रक्कम छोटी पण जोखीम मोठी असे (कापूस, कोको, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, साफसफाईचं कंत्राट) त्यात घाला. मग मोजक्यांशी प्रत्यक्ष बोला. साफसफाईचं कंत्राट हमखास विसरलं जातं, कारण ती माणसं रोज समोर दिसूनही हिशेबात दुसऱ्याची असतात.

वजनांचा भाग किचकट आहे. कंपनीचा आकार, क्षेत्र, खरेदी कोणत्या देशांतून होते, यानुसार एक्सेल फाइल कप्प्यांचं वजन कमी-जास्त करते. बँकेसाठी पैशाचे कप्पे जड होतात, एकट्याने चालवलेल्या व्यवसायात कर्मचाऱ्यांचे हलके. एकूण 1000 कायम राहावेत म्हणून एक कप्पा वाढला की बाकीच्यांतून थोडं थोडं कापलं जातं. समजा एकोणीस कप्प्यांचं वजन 1 आणि एकाचं 2, तर 1000 भागिले 21. जड कप्पा साधारण 95 गुणांचा आणि बाकीचे जेमतेम 48 चे. तर्क बरोबर आहे, पण परिणाम असा की दोन कंपन्यांची बेरीज शेजारी ठेवून फारसं काही कळत नाही. त्यात भर म्हणजे या ताळेबंदाला उत्तीर्ण होण्याची रेषाच नाही. कमी गुण आले तरी अहवाल जाहीर केला की प्रमाणपत्र मिळतं. बी-कॉर्प या जबाबदार कंपन्यांसाठीच्या दुसऱ्या प्रमाणपत्राच्या जुन्या पद्धतीत निदान 200 पैकी 80 ची अट होती. प्रमाणपत्राचा शिक्का पाहून माल घेणाऱ्याने म्हणून आतला तक्ता उघडून बघावा.

तपासणीचे दोन मार्ग. बाहेरचा ऑडिटर बोलावता येतो, किंवा काही कंपन्या गट करून, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, एकमेकींचे अहवाल वाचून गुण ठरवतात. हा दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि शिकायला फार चांगला, कारण दुसऱ्याचा पगाराचा तक्ता पाहिल्यावर आपला लपवणं जड जातं. दोष उघड आहे : तू मला सहा दे, मी तुला सहा देतो. एकाच क्षेत्रातल्या कंपन्या एका गटात असतील तर हे जास्त होतं, आणि ओळखीही आड येतात. वेगवेगळ्या क्षेत्रांतले घ्या, आणि प्रत्येक गुणासमोर पुराव्याचं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं.

मोठी उणीव मात्र कागदाबाहेर आहे. मूळ कल्पनेत या गुणांना कायद्याचा आधार मिळायचा होता : जास्त गुण असतील तर कर कमी, कर्ज स्वस्त, सरकारी खरेदीत प्राधान्य; म्हणजे भला माल स्वस्त आणि वाईट माल महाग. युरोपियन आर्थिक व सामाजिक समितीने 2015 मध्ये या मॉडेलच्या बाजूने मत दिलं, पण ती समिती सल्ला देणारी, कायदा करणारी नव्हे. त्यामुळे आज ताळेबंद करणारी कंपनी खर्च स्वतः सोसते आणि न करणाऱ्या स्पर्धकाशी त्याच बाजारात, त्याच भावात झुंजते. ‘बाजाराचे नियम बदलू’ म्हणणारा विचार सध्या ऐच्छिक फॉर्म भरण्यावर तगून आहे, हे ताळेबंद करायला घेणाऱ्याला आधी माहीत असलेलं बरं.

घ्यावा कोणी? सहकारी संस्था, कुटुंबाच्या मालकीचे उद्योग, पालिकेच्या सेवा देणाऱ्या कंपन्या, जिथे मालक निर्णय बदलू शकतो आणि दर तिमाहीला शेअरबाजाराला उत्तर द्यावं लागत नाही. छोट्यांसाठी वर्कबुकची आटोपशीर आवृत्ती आहे. पहिल्या वेळी तीच धरावी. लेखा, खरेदी आणि प्रत्यक्ष कामावरचा माणूस असे तिघे तरी एकत्र बसवा. एकट्या जनसंपर्क विभागाकडे सोपवलं की वीस कप्प्यांत वीस सुंदर परिच्छेद येतात आणि एकही आकडा येत नाही. सुरुवात सी आणि बी पासून करा, कारण ती माहिती घरचीच असते. ए सर्वांत शेवटी, पण त्याची पत्रं पहिल्याच आठवड्यात रवाना करा, म्हणजे उत्तरं यायला वेळ मिळेल. दुसऱ्या फेरीत काही कप्प्यांचे गुण खाली आले तर घाबरू नका. पहिल्या वेळी न विचारलेले प्रश्न आता विचारले गेलेले असतात.