नळाचं पाणी की आरओचा जार?
आमच्या गावात निम्मी घरं नळाचं पितात, निम्मी ५ रुपयाला २० लिटरचा आरओ जार भरून आणतात. नळाला टीसीएलचा, म्हणजे जंतू मारायला टाकतात त्या क्लोरीनवाल्या ब्लीचिंग पावडरचा, वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण अहो तो वासच राखण करतो, ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन आहे का ते थेंब टाकून बघतात ती चाचणी) पाणी पिवळं झालं आणि लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक निघालं की बरंच निश्चिंत. बोअर खारट असेल, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या फार वर असेल किंवा फ्लोराईड असेल तर मात्र आरओच, उकळून ते जात नाही. पण आरओत क्लोरीन उरत नाही ना, आमच्या जारच्या तळाला हात फिरवला तर बुळबुळीत हिरवं! मी नळाचंच पितो, पावसाळ्यात गढूळ आलं की तुरटी फिरवून, गाळून, उकळून.