स्कूटरचं मागचं चाक डगमगतंय: आधी स्वतः तपासावं की थेट गॅरेज गाठावं?

खर्चाचं बघायचं तर घरच्या तपासणीला जवळजवळ काहीच लागत नाही. आधी टायरमधली हवा बघा. कमी हवेनेही मागची बाजू पोहते. मग इंजिन बंद ठेवून गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक वर-खाली धरून आडवं हलवा. नुसतं चाक हललं, तर ॲक्सलचा (चाक बसतं त्या दांड्याचा) नट ढिला असेल, स्प्लाइन (दांडा आणि चाक एकमेकांत अडकवणारे दाते) झिजल्या असतील किंवा बेअरिंग गेलं असेल. चाकाबरोबर अख्खं इंजिन हललं, तर संशय इंजिन हँगरच्या (इंजिन गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या भागाच्या) रबरी बुशवर. बहुतेक स्कूटरचं मागचं चाक थेट इंजिन-गिअरबॉक्सवरच बसवलेलं असतं, म्हणून हा फरक ओळखणं फार मोलाचं. शेवटी रिमजवळ काडी स्थिर धरून चाक फिरवा. रिमच आत-बाहेर होत असेल तर ती वाकली आहे. रिम सरळ आणि टायर लचकतोय, तर टायर नीट बसलेला नाही किंवा एका जागी फुगलाय.

अचूकतेत मात्र गॅरेज पुढे. बेअरिंगची सुरुवातीची झीज हाताला कळेलच असं नाही. आणि ते बदलायला गिअर ऑइल काढून केसिंग उघडावं लागतं, पुलर (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) लागतो. ते घरी करू नये.

वेळ घरी कमी जातो, हे उघडच आहे.

डगमग हलकी आणि नवी असेल, तर आधी घरी तपासा आणि मेकॅनिकला नेमकं काय हलतंय ते सांगा. चाकातून घरघर येत असेल, नट ढिला असेल किंवा टायर फुगला असेल, तर गाडी चालवू नका, मेकॅनिकलाच बोलवा.