कॉइल बनवायचं किट घेताय? आधी जिगच्या दांड्यांचं माप बघा

ई-सिगरेटचा रिबिल्डेबल टँक, म्हणजे ज्यात तापणारी कॉइल आपणच तारेची बनवून बसवतो तो, वापरणाऱ्यांसाठी एका पाऊचमध्ये जिग (तार गुंडाळायच्या दांड्या), ओहम मीटर, सिरॅमिक चिमटा, कटर आणि थोडी तार असं किट मिळतं, ते बरेच दिवस वापरतोय म्हणून लिहितोय. तयार कॉइल पुन्हा पुन्हा विकत घेण्यापेक्षा हे खूपच स्वस्त पडतं हे खरंय, पण माझ्या मते या किटमधली खरी कामाची वस्तू म्हणजे जिगच्या दांड्या, २, २.५, ३ आणि ३.५ मिमी, बाकीचं सगळं नंतर.

कारण नवीन माणूस नुसता ओहमच्या आकड्यामागे लागतो आणि कॉइलचा आतला व्यास बघतच नाही. २.५ वरून ३ मिमीवर गेलं की फरक दिसायला अर्धा मिमीच पण आतली जागा ४४ टक्के वाढते, म्हणजे कापूस तेवढा जास्त बसतो, लिक्विड जास्त धरलं जातं आणि वॉट वाढवले तरी घशाला जळका झटका लवकर बसत नाही. पण मग प्रत्येक वेढ्याला तारही जास्त लागते, त्यामुळे कॉइल तापायला जरा वेळ घेते आणि ओहमही वाढतात. २६ गेज कँथल, म्हणजे या मिश्रधातूची साधारण ०.४ मिमी जाडीची तार, ३ मिमीवर ६ वेढे मारले तर पाय (स्क्रूपर्यंत जाणारी दोन टोकं) धरून ०.८ च्या आसपास येतं, तेच २.५ वर ०.७ च्या जवळ, आणि अशा दोन कॉइल लावल्या की निम्मं.

मला विचाराल तर सिगरेटसारखा घट्ट ड्रॉ (झुरका) हवा असेल तर २८ गेज, म्हणजे अजून बारीक तार, आणि २ किंवा २.५, मोकळा ड्रॉ हवा असेल तर ३. ३.५ ची दांडी डेक, म्हणजे कॉइल बसवायची जागा, खरंच ऐसपैस असेल तरच काढा, नाहीतर कॉइल वरच्या कॅपला टेकते आणि शॉर्ट होतं.

ओहम मीटर चांगलाय, मॉडवर (टँक बसतो त्या बॅटरीच्या भागावर) दिसणाऱ्या आकड्याशी जुळतो. मेकॅनिकल मॉडवाल्यांनी तर हा मीटर अजिबात टाळू नका प्लीज, तिथे अडवायला कुठली चिप नसते, फुल चार्ज सेल ४.२ व्होल्ट देतो आणि कॉइल ०.२ ओहमची असेल तर सरळ २१ अँपिअर ओढले जातात, बऱ्याच १८६५० सेलची सतत झेपणारी मर्यादा २० किंवा त्याहून कमी असते.

चिमटा पण आवडला. कमी वॉटवर कॉइल लाल करायची, बटण सोडायचं आणि गरम असतानाच हलकं दाबायचं, असं दोनचारदा केलं की मधून बाहेर एकसारखी पेटते. पाय आधी लाल होत असतील तर स्क्रू ढिला आहे का बघा.

कटर मात्र टाकाऊ. तार स्क्रूला लागून कापतच नाही, बारीक टोक बाहेर राहतं आणि तेच कॅपला लागतं, त्यामुळे नेलकटर किंवा चांगला साइड कटर वेगळा घ्या. आणि किटमधल्या तारेवर धातूचं नावच नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. टेम्परेचर कंट्रोल, म्हणजे मॉडने तारेच्या रेझिस्टन्सवरून तापमान ओळखून आवरायची सोय, वापरणाऱ्याला एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) आहे की कँथल हे माहीत नको का? कँथल तापलं तरी त्याचा रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो, मग मॉडला तापमान कळणार कसं. टायटॅनियमची तार असेल तर ती कोरडी लाल करायचीच नसते, आणि इथे तर कुठली आहे ते लिहिलेलंच नाही. म्हणून ती तार बाजूला ठेवा आणि नाव, गेज छापलेलं रीळ वेगळं आणा.

कापूस किती भरायचा हे किटच्या कागदावर कुठेच नाही म्हणून सांगतो, ओढताना किंचित अडकत सरकला पाहिजे, कॉइल वाकडी होत असेल तर जास्त झाला.