फिजिकल रिस्ट्रेंटचं ट्रेनिंग: शाळावाल्यांनी करावंच, पण शेवटचा भाग फार घाईत उरकला

रेटिंग ५ पैकी ४. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागलं तर त्याला सुरक्षितपणे कसं आवरायचं याचं स्टाफ ट्रेनिंग होतं, मी स्पेशल एज्युकेटर आहे त्यामुळे हा प्रसंग माझ्यावर येतोच. सगळ्यात आवडलं ते म्हणजे शिकवणाऱ्या मॅडमनी अर्धा दिवस एकही होल्ड (म्हणजे मुलाला धरायची पद्धत) शिकवला नाही, फक्त मूल चिडायच्या आधी काय काय दिसतं, आवाज कसा खाली आणायचा, बाकीच्या मुलांना वर्गाबाहेर कसं न्यायचं हेच चाललं होतं. काही जण कंटाळले पण मला तोच भाग सगळ्यात कामाचा वाटला, कारण धरायची वेळच येऊ नये हे खरं काम आहे.

हँडआउटमध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याची २०१२ ची १५ तत्त्वं होती. सरळ मुद्दा असा की गंभीर इजेचा धोका अगदी समोर असेल आणि दुसरं काहीच चालत नसेल तरच हात लावायचा. ऐकत नाही, शिव्या देतो, वही फेकली, यासाठी नाही, शिक्षा म्हणून तर कधीच नाही. खुर्चीला बांधून ठेवणं तर विषयच संपला.

मग आम्हाला खुर्चीत बसून छाती मांड्यांना टेकेल इतकं पुढे वाकायला लावलं आणि म्हणाल्या आता खोल श्वास घ्या. घेताच येईना, पोट दाबलं जातं आणि छाती फुलायला जागाच राहत नाही. पालथं पाडून पाठीवर वजन टाकलं तर काय होत असेल हे वेगळं सांगावं लागलं नाही. "बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे" हा समज पण तिथेच मोडला, दोन शब्द बोलायला फार थोडी हवा लागते, म्हणून मुलाने "श्वास येत नाही" म्हटलं की लगेच सोडायचं, वाद नाही. धरणाऱ्यांशिवाय एक जण फक्त चेहरा, ओठ, नखं बघायला हवा आणि त्याने थांबा म्हटलं की थांबायचं. आणि जे मूल खुणांनी बोलतं त्याचे हात धरले तर त्याचं बोलणंच बंद होतं, हे ऐकून मी खरंच हादरले.

एक स्टार कापला तो घटनेनंतरच्या भागासाठी. पालकांना त्याच दिवशी कळवणं, नोंद करणं, मुलाशी आणि स्टाफशी शांतपणे बोलणं हे सगळं शेवटी पळवलं, आणि फॉर्ममध्ये "आधी काय घडलं" याला जेमतेम दोन ओळी! अहो पुढच्या वेळी टाळायचं असेल तर तेच सविस्तर लिहायला हवं ना. सर्टिफिकेटवर रिफ्रेशर कधी करायचा तेही नाही, सराव नसेल तर होल्ड चुकतो आणि चुकलेला होल्ड जिवावर बेतू शकतो.

बुक करणार असाल तर घटनेनंतरच्या भागाला पूर्ण सेशन मागून घ्या, आणि बसमधल्या मावशी, गेटवरचे काका यांनाही बसवा, मूल रस्त्याकडे पळतं तेव्हा बरेचदा तेच जवळ असतात.